वाढीव वॉरंटी घेतली, पण गावापर्यंत येणार कोण?

पत्राचा सारांश: डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे 73 वर्षांचे वडील आणि 68 वर्षांची आई देवगड तालुक्यातील एका गावात दोघेच राहतात. गणपतीच्या आधी गावच्या घरात फ्रिज (31,000 रुपये), फ्रंट लोड वॉशिंग मशीन (29,000 रुपये) आणि 43 इंची टीव्ही (30,000 रुपये) घ्यायचे ठरवून त्यांनी कणकवलीतील एका दुकानाशी बोलणी केली. दुकानाने पाठवलेल्या कोटेशनमध्ये तिन्ही वस्तूंची ‘एकूण तीन वर्षांची’ एक्स्टेंडेड वॉरंटी न विचारताच धरलेली होती: फ्रिजचे 3,300, मशीनचे 3,400 आणि टीव्हीचे 3,800, म्हणजे एकंदर 10,500 रुपये. ती काढायला सांगितल्यावर ‘मग गणपतीची सवलत देता येणार नाही’ असे उत्तर मिळाले. यजमानांच्या मते हे पैसे पाण्यात जातील; वडील म्हणतात, घेऊन टाक, नंतर कटकट नको. भगिनी लिहितात, “मी तिथे नसते. काही बिघडले तर निदान कोणीतरी येईल, एवढ्या समाधानासाठी दहा हजार जास्त आहेत का?”

सप्रेम नमस्कार,

तुमचा खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे आणि त्याच वाक्यात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: वॉरंटी घेतली की कोणीतरी येईल. वॉरंटीचा कागद सहसा एवढेच सांगतो की, बिघाड आमच्या यादीत बसत असेल तर सुट्या भागांचे आणि मजुरीचे पैसे आम्ही घेणार नाही. मेकॅनिक किती दिवसांनी येईल, तुमच्या गावापर्यंत येईल की वस्तू कणकवलीला आणा म्हणेल, याविषयी तो कागद बहुधा मौन बाळगतो, आणि जिथे बोलतो तिथे ते तुमच्या सोयीचे नसते. पुष्कळ कंपन्यांच्या वॉरंटी कार्डाच्या मागील बाजूस बारीक अक्षरात एक कलम असते, ज्यानुसार सर्व्हिस सेंटर असलेल्या शहराच्या नगरपालिका हद्दीबाहेर वस्तू बसवलेली असेल, तर मेकॅनिकच्या जाण्यायेण्याचा किंवा वस्तूच्या वाहतुकीचा खर्च ग्राहकाने सोसायचा असतो. डोंबिवलीत राहून हे कलम कधी कोणाच्या नजरेला पडत नाही. देवगड तालुक्यातल्या गावात मात्र सगळा व्यवहार त्याच कलमापाशी येऊन थांबतो.

म्हणून दुकानदाराला होकार किंवा नकार कळवण्यापूर्वी एक काम करा. तिन्ही कंपन्यांच्या टोल फ्री क्रमांकांवर फोन करून गावचा पिनकोड सांगा आणि विचारा की या पत्त्यावर सेवा कोणत्या केंद्रातून मिळते, मेकॅनिक घरी येतो का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का. एका कंपनीचा माणूस देवगडातच आहे आणि दुसरीचा कुडाळहून येतो असे कळले, तर वॉरंटी दूरच राहिली, कदाचित तुम्ही टीव्हीची कंपनीच बदलाल; आणि माझ्या मते तो बदल दहा हजारांच्या कागदापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

दुसरे गृहीतक असे की, जे बिघडेल ते वॉरंटीत बसेल. कोकणातल्या घरात वस्तू कशाने बिघडतात ते तुम्ही लहानपणापासून पाहिले असेलच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडाडणारी वीज, दिवसातून चार वेळा जाऊन पाचव्यांदा भलत्याच दाबाने परत येणारा विद्युतपुरवठा, खाऱ्या हवेने पत्र्याला धरणारा गंज, पावसाळ्यात उबेसाठी यंत्रात शिरणाऱ्या मुंग्या, पाली आणि उंदीर. आता वाढीव वॉरंटीच्या कोणत्याही योजनेतील ‘यात समाविष्ट नाही’ या मथळ्याखालची यादी काढून पाहा. आकाशातून पडणारी वीज, पूर, गंज, कीटक आणि उंदरांनी केलेले नुकसान ही नावे तिथे बहुधा असतात, आणि त्यांच्या सोबतीला दाराचे रबर, दिवा, काचेचे व प्लास्टिकचे भाग हेही असतात. विद्युतदाबातील चढउतारामुळे झालेला बिघाड काही योजनांत धरलेला असतो आणि काहींत नसतो. तो धरलेला आहे असे दुकानदार म्हणाला, तर ते वाक्य छापील अटींमध्ये कुठे आहे हे बोट ठेवून दाखवायला सांगावे.

हे मी शिकले ते पैसे मोजून. माझ्या घरच्या वॉशिंग मशीनला मी मोठ्या हौसेने वाढीव वॉरंटी घेतली होती. चौथ्या वर्षी मशीन मध्येच बंद पडू लागले. फोन केल्यावर दोन दिवसांनी मेकॅनिक आला. त्याने मशीन भिंतीपासून पुढे ओढले, मागचा पत्रा उघडला आणि टॉर्चच्या उजेडात पीसीबी (यंत्र चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी), म्हणजे त्याच्या भाषेत ‘कार्ड’, बाहेर काढून माझ्यापुढे धरले. कार्डावर एक वाळलेली पाल चिकटलेली होती, तिच्या शेपटीखालचा भाग काळा पडला होता. “मॅडम, हे वॉरंटीत बसत नाही,” तो अगदी संकोचून म्हणाला आणि त्याने मोबाइलवर त्या पालीचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवला. नव्या कार्डाचे आणि मजुरीचे मिळून 5,400 रुपये मी दिले. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता, कारण अट कागदावर होती आणि मी ती वाचली नव्हती.

आता तुमच्या कोटेशनकडे वळू, कारण त्यात एक शब्द फार महाग पडणार आहे, तो म्हणजे ‘एकूण’. तुम्ही सोबत पाठवलेल्या कोटेशनच्या फोटोत मशीनपुढे कंपनीची मूळ वॉरंटी ‘2 वर्षे’ आणि फ्रिज व टीव्हीपुढे ‘1 वर्ष’ अशी छापलेली आहे. म्हणजे एकूण तीन वर्षांच्या वॉरंटीत फ्रिजला आणि टीव्हीला प्रत्येकी दोन वर्षे वाढवून मिळतात, पण मशीनला मिळते फक्त एक. त्या एका वर्षासाठी 3,400 रुपये म्हणजे मशीनच्या किमतीच्या जवळजवळ 12 टक्के होतात. तिन्ही वस्तूंची मिळून पाच वर्षे तुम्ही 10,500 रुपयांना विकत घेत आहात, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक वर्षाला 2,100 रुपये. हा व्यवहार बरोबरीत सुटायचा, तर दर वस्तूमागे दर वर्षी सरासरी तेवढ्या रकमेची आणि अटींत बसणारी दुरुस्ती निघायला हवी. नव्या यंत्रांकडून एवढ्या बिघाडाची अपेक्षा असेल, तर ती यंत्रे मुळात घेऊच नयेत! शिवाय वॉरंटी ही सेवा असल्यामुळे तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो; 10,500 हा आकडा कर धरून असेल, तर त्यातले सुमारे 1,600 रुपये दुरुस्तीशी काहीही संबंध नसलेले आहेत.

यंत्रे केव्हा बिघडतात याचाही एक ठरलेला आकार आहे. अभियंते त्याचा जो आलेख काढतात, तो आपल्या परातीसारखा दिसतो: दोन्ही काठ उंच आणि मधला तळ सपाट. कारखान्यातच राहून गेलेला दोष पहिल्या काही महिन्यांत वर येतो आणि तो कंपनीच्या मूळ वॉरंटीत दुरुस्त होतो. दुसरा काठ झिजेचा. तो पुष्कळ वर्षांनी येतो, आणि तोवर वाढीव वॉरंटी कधीच संपलेली असते. विकली जाते ती बहुतांशी मधल्या सपाट तळाची. अर्थात परात सगळ्यांच्या घरी सारखीच नसते, आणि जिथे विद्युतपुरवठा बेभरवशाचा आहे तिथे कार्ड कधीही जाऊ शकते, हे मी नाकारत नाही. पण असा बिघाड अटींत बसतो की नाही, हा प्रश्न पुन्हा तिथेच उभा राहतो.

फ्रिजबाबत दुकानात ‘कॉम्प्रेसरला दहा वर्षे’ असे ठळक अक्षरांत सांगितले जाते आणि ते खरेही असते. मात्र ती हमी बहुधा केवळ त्या भागापुरती असते; पहिल्या वर्षानंतर कॉम्प्रेसर बदलण्याची वेळ आली, तर कॉम्प्रेसर फुकट मिळतो, पण गॅस भरणे, मजुरी आणि मेकॅनिकची फेरी यांचे पैसे द्यावे लागू शकतात. फ्रिजची वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल, तर गॅस भरण्याचा खर्च तिच्यात धरला आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी निर्णय बराचसा होऊन जातो.

टीव्हीचे गणित मात्र वेगळे आहे, आणि इथे मी तुमच्या यजमानांच्या बाजूने पूर्णपणे उभी राहणार नाही. टीव्हीचा पडदा, म्हणजे पॅनेल, हा त्याचा सर्वांत महाग भाग असतो. तो गेला तर दुरुस्तीचा खर्च टीव्हीच्या किमतीच्या निम्म्यावर किंवा त्याहून पुढे जातो आणि लोक दुरुस्ती सोडून नवा टीव्ही घेतात. फ्रिज किंवा मशीनची बहुतेक दुरुस्ती काही हजारांत भागते, ती तुम्हाला टोचेल पण झेपेल. पंधरा-वीस हजारांचा फटका एकदम बसणे ही निराळी गोष्ट आहे. म्हणून तिन्हीपैकी एकाच वस्तूला वाढीव वॉरंटी घ्यायची असेल, तर मी टीव्हीला घेईन. आपोआप उमटलेल्या आडव्या-उभ्या रेषा किंवा काळा पडलेला पडदा यांच्यासाठीच ती उपयोगी आहे. सुटीत आलेल्या नातवंडांच्या चेंडूने पडदा फुटला, तर ते ‘बाह्य नुकसान’ ठरते आणि बहुतेक योजनांत बसत नाही.

ती घेतानाही कोणाकडून घेता ते पाहा, कारण वाढीव वॉरंटी तीन जण विकतात: वस्तू बनवणारी कंपनी, दुकान स्वतः, आणि या दोघांशीही संबंध नसलेली तिसरीच एखादी कंपनी. तुमच्या कोटेशनवर वॉरंटी कोणाची आहे याचा उल्लेखच नाही, आणि हे मला सगळ्यांत जास्त खटकले. तीन वर्षांपर्यंतचे आश्वासन आपण विकत घेतो, तेव्हा आश्वासन देणारा तीन वर्षांनी जागेवर असेल का, हे पाहणे ओघाने आलेच. बनवणाऱ्या कंपनीकडून घेतलेल्या वॉरंटीत निदान मेकॅनिक आणि सुटे भाग तिचेच असतात. तिसऱ्या कंपनीची योजना असेल, तर वस्तू दुरुस्त होण्यासारखी नसल्यास भरपाई कशी मिळते ते वाचा. काही योजनांत दरवर्षी घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापून उरलेली रक्कम देतात, आणि तीही रोख न देता त्याच दुकानात खरेदी करण्याच्या कूपनच्या रूपात.

आता तुमच्या वडिलांविषयी. ‘नंतर कटकट नको’ या त्यांच्या शब्दांत एक शहाणपण आहे, जे माझ्या हिशेबात येत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत अशी माणसे पुष्कळ आहेत, जी फ्रिज बंद पडला तरी मुलीला फोन करणार नाहीत, मेकॅनिकला हजार रुपये द्यावे लागतील म्हणून त्याला बोलावणार नाहीत, आणि ‘पूर्वी कुठे होता फ्रिज’ असे म्हणत त्यात सुकी मासळी ठेवू लागतील. पैसे आधीच भरलेले असले तर मात्र तीच माणसे हक्काने फोन फिरवतात. तुमचे वडील या स्वभावाचे असतील, तर आगाऊ भरलेल्या पैशांना त्यांच्या घरात खरी किंमत आहे, हे मान्य करायला हवे. फक्त तक्रार नोंदवताना काय करावे लागते त्याचाही विचार करा: टोल फ्री क्रमांकावर भाषा निवडायची, वस्तूच्या मागे चिकटवलेला अनुक्रमांक वाचून दाखवायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा, कधी बिलाचा फोटो पाठवायचा. हे सगळे शेवटी डोंबिवलीहून तुम्हालाच करावे लागणार असेल, तर वॉरंटीने तुमची कटकट वाचवली असे म्हणता येणार नाही.

तोच परिणाम कमी पैशांत साधता येतो. फ्रिज आणि मशीनच्या वॉरंटीचे 6,700 रुपये वाचतात, ते एका पाकिटात घालून आईच्या कपाटात ठेवा, पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘दुरुस्ती’ असे लिहा, आणि हे पैसे खर्च झालेच आहेत, परत मागणार नाही, असे दोघांनाही सांगा. गावात किंवा जवळच्या बाजारपेठेत एखादा विश्वासू वायरमन असतोच. त्याचा क्रमांक त्याच पाकिटावर लिहून ठेवा आणि गणपतीत गेलात की त्याला चहाला बोलावून नव्या वस्तू एकदा दाखवा. कंपनीची मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र त्याने यंत्र उघडू नये, कारण अनधिकृत माणसाने हात लावला या कारणावरून वॉरंटी नाकारली जाते.

याच पैशांतला काही भाग बिघाड होऊच नये म्हणून खर्च करणे मला अधिक पटते. घरातील अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या कौलारू घरांत ते पुष्कळदा नावापुरतेच असते. फ्रिजला आणि टीव्हीला त्यांच्या क्षमतेचा स्टॅबिलायझर लागतो का, हे कंपनीला विचारून बसवा. मशीनच्या तळाला उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी लावून मिळते, ती लावाच. आणि ढग गडगडू लागले की टीव्हीचा प्लग काढायचा, त्यासोबत डिशची वायरही काढायची, हे आईला समजावून सांगा. लोक प्लग काढतात आणि वायर विसरतात, मग वीज डिशच्या वाटेने आत येते.

राहिला सवलतीचा प्रश्न. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार एक वस्तू विकण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची सक्ती करणे ही ‘निर्बंधात्मक व्यापार प्रथा’ (रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस) ठरते. ‘वॉरंटी घेतली नाही तर फ्रिज देणार नाही’ असे दुकानदार म्हणाला असता, तर ते त्यात सरळ बसले असते. ‘सवलत देणार नाही’ ही गोष्ट थोडी वेगळी आहे; तिथे कायद्यापेक्षा घासाघीस उपयोगी पडते. दुकानदाराला दोन वेगळी कोटेशने मागा, एक वॉरंटीसह आणि एक वॉरंटीशिवाय. सवलत 4,000 रुपयांची असेल आणि ती मिळवण्यासाठी 10,500 भरावे लागत असतील, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. तीन वस्तू एकदम घेणारे गिऱ्हाईक गणपतीच्या तोंडावर कोणी सहसा हातचे जाऊ देत नाही. ऑनलाइन खरेदी करणाऱ्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावे की, ग्राहकाच्या संमतीशिवाय टोपलीत जादा वस्तू किंवा सेवा घालणे हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. पैसे भरण्यापूर्वी आधीच टिचकी मारलेला वॉरंटीचा चौकोन दिसला, तर ती टिचकी काढून टाका. हप्त्यांवर घेणाऱ्यांनी हप्त्यांच्या रकमेत वॉरंटी मिसळलेली नाही ना, हे पाहावे, कारण तिथे ती सहज दिसत नाही.

बिल तुमच्या नावाने करा. पुढे वाद झालाच, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे तुम्हाला सिंधुदुर्गात खेटे घालावे लागणार नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. थर्मल कागदावरचे बिल वर्षभरात पुसट होते, म्हणून त्याचा फोटो काढून तो स्वतःला ईमेलने पाठवून ठेवा.

टीव्हीच्या वॉरंटीचा निर्णयही आजच घ्यायला हवा असे नाही. अनेक कंपन्या मूळ वॉरंटी संपण्याआधी कधीही वाढीव वॉरंटी विकतात. तुमची कंपनी तसे करते का, हे त्याच टोल फ्री क्रमांकावर विचारा. करत असेल, तर पहिले वर्ष जाऊ द्या. तेवढ्या काळात मेकॅनिकला बोलावण्याची एखादी वेळ आली, तर तो किती दिवसांत आणि कोणत्या गावाहून आला हे तुम्हाला कळेलच, आणि मग 3,800 रुपये द्यायचे की नाही ते ठरवणे सोपे जाईल. मात्र ‘पुढच्या गणपतीत गावी गेल्यावर बघू’ असे म्हणू नका. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती आणि 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे ती 14 सप्टेंबरला आहे. 20 ऑगस्टला घेतलेल्या टीव्हीची वॉरंटी अशा वर्षी बाप्पा येण्याआधीच संपते. बिलावरची इंग्रजी तारीख पाहा आणि अकराव्या महिन्याची आठवण आजच मोबाइलमध्ये लावून ठेवा.